पिकअप बदलताय? एक मिनिट, बॉस!

एक तारीख. खात्यात पगार जमा. घरी कोपऱ्यात कॉलेजपासूनची इलेक्ट्रिक गिटार. गेल्या शनिवारी जॅमिंगला सगळ्यांचे सूर लागले, आपला आवाज मात्र चिखलात रुतल्यासारखा. झालं! लंच-टाइमला नव्या पिकअपची शोधाशोध सुरू.

जरा थांबा. आधी तारा बदला. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पिकअपची उंची कमी-जास्त करून बघा. पिकअप फार जवळ आला, तर त्याचं चुंबक तारेलाच ओढतं आणि सूर बिघडतो. मित्राची गिटारही तुमच्या अॅम्पला लावून पाहा. तरीही चिखलच? मग गुन्हेगार बहुधा अॅम्प आहे.

एवढं करूनही मन भरत नाही? मग फंडे क्लिअर करू या. पिकअप म्हणजे चुंबक आणि भोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. सिंगल कॉइल खणखणीत वाजतो, पण घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुणही पकडतो. यावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उतारा काढला: दोन कॉइल, एकमेकांच्या उलट. गुणगुण कटते, सूर उरतो. हाच तो हमबकर. आवाज भरदार, किंचित गोडसर.

आता खरी गोम. 'हाय आउटपुट' या शब्दाला भुलू नका. वेढे वाढले की दणका वाढतो, पण ट्रेबल बोथट होतो. मी हे स्वतःचे पैसे मोजून शिकलो. हेवी मेटलला मजा आली, पण तार हळुवार छेडली काय नि जोरात काय, सगळं सारखंच! गिटार वाजत होती, माझा हात ऐकूच येत नव्हता. जुना पिकअप ड्रॉवरमध्ये होता, म्हणून वाचलो.

तेव्हा खरेदीआधी माप घ्या. ब्रिजपाशी तारांमधलं अंतर नेकपेक्षा जास्त असतं. सिंगल कॉइलला साधारण २५० के आणि हमबकरला ५०० केचा पॉट लागतो. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे डायग्रॅम बघूनच सोल्डर करा. आणि एका वेळी एकच पिकअप बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.

जुना पिकअप? जपून ठेवा. पहिल्या प्रेमासारखी त्याची किंमतही नंतरच कळते!