बंदराच्या गजबजाटात देवाचे स्मरण



३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प असून समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर भूमी निर्माण करण्याचे योजिले आहे. वाढवण डहाणूच्या दक्षिणेस, तर चिखले उत्तरेस, नरपड आणि घोलवड यांच्यामध्ये. परंतु भरावाची चिंता आणि जमिनीच्या भावाची आशा गावांच्या सीमा पाळत नाहीत. आपला वसई धर्मप्रांत उत्तरेस डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला असल्याने हा केवळ दूरच्या किनाऱ्यावरचा वाद मानता येणार नाही.

या भूमीचे जतन करण्याचा प्रयत्न नवा नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद भूषविले. २०१९ च्या जानेवारीत ते निवर्तले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटींसह बंदरास संमती दिली. मच्छीमारांचा विरोध मात्र शमलेला नाही. समुद्र हेच ज्याचे शेत, त्याला भरपाईचा हिशेब कसा पटावा?

बंदर हवे की नको, याविषयी श्रद्धावंतांमध्येही मतभेद असू शकतात. मच्छीमारांच्या शंका रास्त आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि येथे मला दुसरीच गोष्ट सांगावयाची आहे. असा प्रचंड प्रकल्प दाराशी आला, की तो प्रथम माणसाच्या चित्ताचा ताबा घेतो. भाव किती, दलाल कोण, भ्रमणध्वनीवर आलेली बातमी खरी की खोटी, यातच दिवस सरतो. विरोध करणाऱ्याचेही तसेच होते. त्याच्या मनात देवाऐवजी शत्रू वस्तीला येतो. लूकच्या शुभवर्तमानातील कोठारे वाढविणारा धनिक दुराचारी होता, असे प्रभू येशू कोठेही सांगत नाही. पीक उत्तम आले आणि त्याच्या साऱ्या बेतांत देवाचे व शेजाऱ्याचे नाव तेवढे राहून गेले.

मग देवाकडे लक्ष ठेवावयाचे म्हणजे काय करावयाचे? सभा-मोर्चे सोडून चर्चमध्ये बसावयाचे काय? मुळीच नाही. परमगुरूस्वामी फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात हवामान, पाणी, अर्थकारण अशा गंभीर विषयांचा ऊहापोह केला आणि एक संपूर्ण परिच्छेद, २२७ वा, भोजनापूर्वीच्या व भोजनानंतरच्या प्रार्थनेस दिला. पर्यावरणाच्या अभ्यासकांना त्याचे नवल वाटले असेल. पण त्यामागचा विचार मार्मिक आहे: त्या क्षणी आपले जीवन देवावर अवलंबून असल्याचे स्मरण होते, सृष्टीच्या देणगीविषयी कृतज्ञता वाटते, हे अन्न ज्यांच्या श्रमांतून आले त्यांची दखल घेतली जाते आणि गरजवंतांशी आपले नाते दृढ होते.

हे चिखल्याच्या संदर्भात ताडून पाहावे. डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. परंतु जाळी लावलेल्या लांब काठीने तो अलगद उतरविणारे हात बहुधा वारली वा अन्य आदिवासी मजुराचे असतात. याच डहाणू-तलासरी भागातून अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. बंदराच्या नफ्यातोट्याच्या चर्चेत त्यांचा उल्लेख सर्वांत शेवटी होतो, झालाच तर. ताटावर क्रुसाची खूण करून घाईने उरकलेल्या प्रार्थनेत तरी तो कुठे असतो?

आज रात्री जेवणास बसताना भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. ताटातील मासा कोणी पकडला, भाजी कोणी खुडली, हे मुलांना विचारावे. उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी बाजारात विचारून घ्यावे आणि मग त्या माणसासाठी प्रार्थना करावी.