हॉर्सपॉवर आपली, कुलूप कंपनीचं!

साताऱ्याचा पोवई नाका घ्या, कऱ्हाडचा कोल्हापूर नाका घ्या, नाहीतर सांगलीचं विश्रामबाग. चहाच्या गाड्यावर चार गाडीवाली पोरं जमली की थोड्या वेळानं विषय एकाच ठिकाणी येतो. कंपनीनं इंजिन 'दाबून' ठेवलंय, रिमॅप मारला की गाडी खरी काय आहे ते कळतं! एक जण म्हणतो, पैसे मी भरले, हप्ते मी फेडतोय, मग इंजिनची पूर्ण ताकद मला का नाही? दुसरा म्हणतो, भावा, उद्या गिअरबॉक्स गेला की वॉरंटीवाले ओळखसुद्धा दाखवणार नाहीत. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच हा वाद टपरीवर मिटत नाही, आणि आता तो टपरीपुरता राहिलेलाही नाही.

आधी 'दाबून ठेवलंय' म्हणजे काय ते बघू. आजच्या गाडीत डिझेल कधी आणि किती सोडायचं, टर्बोनं किती हवा भरायची, हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. रिमॅप म्हणजे त्याच्यातले आकडे बदलणं. महिंद्राचं २.२ लीटरचं एमहॉक डिझेल बघा. २०२० साली आलेल्या थारमध्ये ते १३० पीएस ताकद देतं. स्कॉर्पिओ-एनच्या खालच्या मॉडेलमध्ये १३२ आणि वरच्या मॉडेलमध्ये १७५. एक्सयूव्ही ७०० मध्ये १५५ पासून १८५ पर्यंत. आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या मांडवाबाहेर आणि प्रत्येक प्रचारसभेत दिसणाऱ्या फॉर्च्युनरचं तर आणखी सरळ आहे. २०२१ पासून तिचं २.८ लीटर डिझेल इंजिन २०४ पीएसचं आहे. पण ऑटोमॅटिकला टॉर्क मिळतो ५०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलला ४२०. म्हणजे हातानं गिअर टाकणाऱ्याला ८० कमी! हे आकडे वाचल्यावर थारवाल्याला किंवा मॅन्युअल फॉर्च्युनरवाल्याला वाटणारच, की आपल्यावर अन्याय झालाय.

पण लीटर तेवढेच म्हणजे आतला सगळा सांगाडाही तोच, असं नसतं. टर्बो, इंजेक्टर, रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स यांत फरक असू शकतो. मॅन्युअल गाडीचा टॉर्क कमी ठेवण्यामागे क्लच आणि गिअरबॉक्स किती भार सोसतील हा हिशोब असतो. कंपनी गाडी एका शौकिनासाठी बनवत नाही. ती बनवते पसरणीच्या घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरणाऱ्यासाठी, मेच्या उन्हात एसी लावून जतपर्यंत जाणाऱ्यासाठी आणि सर्व्हिसिंग दोन महिने लांबवणाऱ्यासाठीही. या सगळ्यांच्या हातात गाडी काही वर्षं टिकली पाहिजे, म्हणून ती थोडी राखून ठेवते. त्या राखीव ताकदीला आपण 'लपवलेली ताकद' म्हणतो. मेकॅनिक तिला गाडीचं आयुष्य म्हणेल.

मालक आणि कंपनीचं हे भांडण फक्त आपल्याकडचं नाही. निसानची जीटी-आर ही जगातल्या नावाजलेल्या वेगवान गाड्यांपैकी एक. २००७ साली ती जपानमध्ये आली तेव्हा तिच्यात ताशी १८० किलोमीटरची मर्यादा होती, आणि गाडी रेसिंग ट्रॅकवर आहे असं जीपीएसनं ओळखलं तरच ती मर्यादा काढता येत होती. रस्त्यावर लॉक, ट्रॅकवर मोकळीक! अमेरिकेत मात्र वेगळंच घडलं. तिथल्या काही मालकांनी स्थिरता राखणारी यंत्रणा बंद करून लाँच कंट्रोल वापरलं आणि गिअरबॉक्स निकामी झाले. कंपनीनं वॉरंटी नाकारली. मालक म्हणाले, बटण तुम्हीच दिलंय ना? कंपनी म्हणाली, ते बंद करून पळवा असं आम्ही कुठं सांगितलं? शेवटी कंपनीनं सॉफ्टवेअर बदलून ते लाँच सौम्य केलं. बटण द्यायचं, त्याची जाहिरात होऊ द्यायची आणि ते दाबल्यावर हात वर करायचे, हे चुकीचंच. पण त्या मर्यादेमागे निदान लोखंडाचं काहीतरी कारण तरी होतं.

खरी चिंता पुढच्या प्रकारची आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मर्सिडीजनं अमेरिकेत आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांचा जास्तीचा पिकअप वर्षाला १,२०० डॉलरला विकायला काढला. मोटर तीच, बॅटरी तीच, बदल फक्त सॉफ्टवेअरमध्ये. २०२५ मध्ये फोक्सवॅगननं ब्रिटनमध्ये आयडी.३ च्या काही मॉडेलसाठी तसंच केलं: जास्तीची ताकद हवी असेल तर महिन्याला पैसे भरा, नाहीतर एकदाच मोठी रक्कम द्या. बीएमडब्ल्यूनं गरम होणाऱ्या सीटसाठी वर्गणी लावली होती. लोकांनी इतका आरडाओरडा केला की २०२३ मध्ये कंपनीनं ती कल्पना गुंडाळली. आणि टेस्लाचं उदाहरण तर विचारात पाडणारं आहे. २०१७ मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ आलं, तेव्हा कंपनीनं तिथल्या काही गाड्यांची बॅटरी दुरूनच तात्पुरती 'मोकळी' केली, म्हणजे लोकांना जास्त लांब पळता यावं. चांगलंच केलं. पण त्यामुळे एक गोष्ट उघड झाली. ती जास्तीची बॅटरी पहिल्या दिवसापासून गाडीतच होती, मालक तिचं वजन रोज वाहत होता, पण ती त्याची नव्हती.

तीच टेस्ला २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईत आली. तिची किंमत बघता ती आपल्या गल्लीत यायला वेळ लागेल, पण कल्पना आधीच पोचली आहे. अथरच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर काही फीचर्स 'प्रो पॅक' विकत घेतला तरच मिळतात. कॉलेजला स्कूटरवर जाणाऱ्या पोरापोरींना हे सगळं मोबाईलमधल्या अॅपसारखं वाटतं. फ्री व्हर्जन, पेड व्हर्जन. पण अॅप आपण हप्त्यानं घेत नाही आणि ते चालवताना घाटात ओव्हरटेकही करत नाही.

ज्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, ज्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, त्या भागाला यंत्र उघडून बघायची सवय आहे. प्रिया बिघडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटर जुळवायचा. त्याला कुणाचा पासवर्ड लागत नव्हता. आज त्याच मिस्त्रीचा मुलगा स्कॅनर लावतो आणि पुढची पायरी कंपनीच्या सर्व्हरवर अडते. कुलूप गाडीला आहेच, त्याच्या धंद्यालाही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि हक्क कायद्यात येणं वेगळं.

मग कुलूप तोडायचं का? आमचं उत्तर: नाही. कारण रिमॅपचं बिल फक्त मालकाच्या नावावर फाटत नाही. ताशी ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, पण गाडी थांबवताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. रिमॅपवाला इंजिनची ताकद वाढवतो, ब्रेक आणि टायर बहुतेक वेळा तेच ठेवतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर येणारं एस वळण ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे गणित समजावून सांगायला नको. आणि धावायचं कुठं? पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवरसुद्धा सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे. १ जुलै २०१९ नंतर बनलेली प्रत्येक कार ८० च्या वर गेली की अधूनमधून आणि १२० च्या वर सलग बीप देते. ती गाडीला अडवत नाही, फक्त आठवण करून देते. काही जण तीसुद्धा बंद करून घेतात! महाबळेश्वरला पर्यटक नेणारी पिवळ्या पाटीची टॅक्सी स्पीड गव्हर्नरमुळे ८० ला अडते. तिचा ड्रायव्हर पोटासाठी ते सोसतो, आणि पांढऱ्या पाटीवाल्याला बीपही सहन होत नाही.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकानं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एमएच-११ असो, एमएच-१० असो की एमएच-५०, नाक्यावरच्या पोलिसाला रिमॅप डोळ्यांनी दिसत नाही हे खरं. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला मात्र तो दिसू शकतो. न कळवलेला बदल सापडला तर क्लेम अडकतो, आणि तेव्हा भोगतं ते घरचं माणूस.

सगळ्यात वाईट गोष्ट सेकंडहँड बाजारात घडते. दोन वर्षं रिमॅपवर तापवलेली गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा 'स्टॉक' केली जाते. कागद स्वच्छ, गाडी चकाचक. घेणारा कोण? पहिली नोकरी लागलेला, वडिलांची एफडी मोडून गाडी घेणारा आपल्यातलाच कुणीतरी. थकलेला टर्बो आणि झिजलेला क्लच त्याच्या पदरात पडतो. कंपनी ग्राहकापासून माहिती लपवते म्हणून चिडणारा मालक इथं स्वतः तेच करतो.

आमचं म्हणणं सरळ आहे. मर्यादा दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांना एकाच तराजूत तोलू नये. लोखंड, ब्रेक, धूर आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव यांच्यासाठी घातलेली मर्यादा मान्य करायची, मर्दानगीचा प्रश्न करायचा नाही. ज्याला खरंच पळवायचंय त्यानं ट्रॅकवर जावं. पण फक्त दुसऱ्यांदा पैसे काढण्यासाठी घातलेलं कुलूप मान्य करायचं नाही. तिथं ग्राहक म्हणून तीन गोष्टी मागायच्या. पहिली, गाडीत काय बसवलंय आणि त्यातलं काय लॉक आहे, हे बुकिंगच्या कागदावर मराठीत लिहून द्या. दुसरी, एकदा पैसे भरून उघडलेलं फीचर गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे गेलं पाहिजे. तिसरी, कंपनीनं दिलेलं बटण वापरलं म्हणून वॉरंटी नाकारता येणार नाही, आणि नाकारायची असेल तर ईसीयूमधली नोंद मालकाला दाखवा.

हे मागायला दिल्लीलाच जावं लागतं असं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहेत. शोरूममध्ये रंग आणि सनरूफ विचारताना एक प्रश्न जास्तीचा विचारायला पैसे पडत नाहीत: "या गाडीत असं काय आहे, जे मी विकत घेतोय पण मला मिळणार नाही?" सेल्समन गप्प बसला, तर सही करायची घाई करू नका.