जानेवारीत प्रवेश घेताना

पुरवणी परीक्षा, आजारपण किंवा प्रवेश परीक्षेतलं अपयश, एवढ्यावरून मुलांचं अख्खं वर्ष वाया जावं, हे आम्हाला मान्य नाही. नेहरू नगरातल्या, किंबहुना साऱ्या भिलाईतल्या मराठी पालकांनी म्हणूनच जानेवारीतल्या प्रवेशाचा गांभीर्याने विचार करावा. इग्नूचे बरेचसे पदवी अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन्ही सत्रांत सुरू होतात. २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही वर्षातून दोनदा प्रवेशाला मुभा दिली. मात्र ती विद्यापीठांवर बंधनकारक नाही; आधी चौकशी करावी.

खरी कसोटी विषयांच्या आखणीची. नियमित महाविद्यालयात जानेवारीत सम सत्राचे विषय चालू असतात. कॅल्क्युलसचा पहिला पेपर जुलैच्या सत्रात होऊन गेला असेल, तर थेट दुसऱ्याला हात घालू नये. सुरुवातीला भाषा, पर्यावरण, संगणकाची तोंडओळख असे पूर्वतयारी न लागणारे विषय घ्यावेत. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सत्राला सरासरी २०. आज कमी घेतले, तर उद्याचा भार वाढतो.

शेवटाचाही विचार आधीच हवा. जानेवारी २०२७ मध्ये सुरू केलेली पदवी डिसेंबर २०२९ मध्ये संपेल. पदव्युत्तर वर्ग बहुतेक ठिकाणी जुलैच्या सुमारास भरतात. मधले सहा महिने इंटर्नशिपसाठी राखून ठेवा.

मुलांसोबत बसून सहाही सत्रं कागदावर मांडा. सहा महिने उशिरा निघालेल्या मुलाला टोमणे नकोत, नीट आखलेली वाट हवी.