ओटा आणि माजघर



जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील बाजारपेठांमधली आपली जुनी घरे आठवून पाहावीत. पुढे दुकान, मागे राहती जागा. ओट्यावर कोणीही यावे, भाव विचारावा, माल पारखावा. माजघरात मात्र बोलावल्याखेरीज कोणी जात नसे. व्यापार आणि संसार एका छपराखाली नांदत, तरी त्यांच्यामधला उंबरठा सर्वांना ठाऊक होता. आज त्याच घरांतील मुले आणि सुना खाखरे, पापड, मसाले, साड्या मोबाइलवरून दूरदूरच्या गावी विकत आहेत. या नव्या दुकानाला उंबरठा नसतो. तो आपणच घालावा लागतो.

प्रथम ग्राहकाची बाजू पाहू. त्याने आपले दुकान पाहिलेले नसते आणि पैसे मात्र आगाऊ द्यायचे असतात. त्याला नाव, गाव आणि तक्रार ऐकणारा माणूस हवा असतो. आपली ओळख उघडपणे सांगण्याची व्यापाऱ्यांची रीत या भागात फार जुनी आहे. जुन्नरच्या प्राचीन लेण्यांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. आपण कोण, हे त्या व्यापाऱ्यांनी खडकावर कोरून ठेवले.

आजचा कायदाही तेच मागतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार स्वतःच्या संकेतस्थळावरून विक्री करणाऱ्या व्यावसायिकाने कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि संपर्क क्रमांक जाहीर करावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. पाकीटबंद मालावर उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता लागतो. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही. घराचा पत्ता लोकांपुढे नको म्हणून खोटा वा अर्धवट पत्ता छापणे, हा मार्ग म्हणूनच बंद आहे.

पण म्हणून माजघर उघडे टाकावे असे नाही. एखाद्या सुनेने पाकिटावर स्वतःचा खासगी क्रमांक छापला, की रात्री-अपरात्री अनोळखी फोन येऊ लागतात. मग घरातली मंडळी सांगतात, "बंद कर तो धंदा!" उंबरठा न घातल्यामुळे कष्टाने उभा केलेला व्यवसाय असा गमवावा लागू नये. घरच्यांचे पेठेत दुकान असेल, तर मालकाचे संमतीपत्र घेऊन तीच जागा व्यवसायाचे ठिकाण म्हणून नोंदवता येते. धंद्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे, फोनची वेळ पाकिटावर छापावी. यूपीआयच्या पत्त्यात पुष्कळदा आपला मोबाइल क्रमांकच असतो. त्याऐवजी पेढीच्या नावाने चालू खाते आणि क्यूआर कोड घ्यावा. घरातील मुलांची छायाचित्रे आणि यात्रेच्या तारखा धंद्याच्या स्टेटसवर टाकू नयेत.

तिसरी बाजू बहुधा विसरली जाते. ती ग्राहकाच्या खासगीपणाची. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना आम्हाला निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. कोणाच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे पेठेत तर नाहीच, घरीही बोलायचे नसे. आज मात्र विश्वास बसावा म्हणून कित्येक विक्रेते ग्राहकाचे नाव, क्रमांक आणि भरलेली रक्कम दिसणारे स्क्रीनशॉट सर्वांना पाठवतात. शंभर ग्राहकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, की प्रत्येकाचा क्रमांक उरलेल्या नव्व्याण्णवांच्या हाती जातो. ब्रॉडकास्ट यादी वापरली तर ते टळते. अभिप्राय दाखवायचाच असेल, तर ग्राहकाला विचारून आणि नाव-क्रमांक झाकून दाखवावा.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्याचे सार व्यापाऱ्याला सहज कळण्यासारखे आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, सुरक्षित ठेवावी, आणि काम संपल्यावर कायद्याने ठेवणे भाग नसेल तर पुसून टाकावी. जीएसटीच्या हिशेबवह्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, म्हणून बिले ठेवावीच लागतील. ग्राहकाच्या आधारकार्डाचे छायाचित्र मात्र मसाले विकायला लागत नाही. ते मागूच नये.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटा लेख करणे ही कूटलेखक्रिया, दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे हे रहोभ्याख्यान, आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे हा न्यासापहार. हे तिन्ही दोष एकाच व्रताखाली येतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. खोटा पत्ता छापणाऱ्याने सत्य मोडले, तसेच ग्राहकाची माहिती चव्हाट्यावर मांडणाऱ्यानेही मोडले. ग्राहकाचा पत्ता आणि क्रमांक ही त्याने आपल्याकडे ठेवलेली ठेवच आहे.

तेव्हा नवा धंदा सुरू करताना घरच्यांनी एकत्र बसून तीन याद्या कराव्यात: पेढीचे काय जाहीर करायचे, घराचे काय राखायचे आणि ग्राहकाचे काय सांभाळायचे. पहिली यादी पाकिटावर छापावी, दुसरी घरातील प्रत्येकाने पाळावी, आणि तिसरी ज्याच्या हाती धंद्याचा फोन आहे त्या प्रत्येकाला समजावून सांगावी, मग तो घरचा असो वा नोकर.