लाईन जोडली, आता ज्ञानही जोडू या



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे खर्चाचा जो अंदाज येणार आहे, त्यात वीज विभागाच्या इंजिनिअरांचे प्रशिक्षण आणि तांत्रिक संस्थांची सभासद-वर्गणी अशी एक लहानशी बाब आहे. रक्कम मोठी नाही, चर्चा मात्र मोठी झाली. "आधी ऊसबिलाचं बघा, मग साहेबांना पॅरिस दाखवा," असे बोल पारावर आणि वजनकाट्याजवळ ऐकू येतात. ज्याच्या घामाचा पैसा, त्याने जाब विचारावा यात गैर काहीच नाही. परंतु जाब विचारण्याआधी ही बाब आहे तरी काय, हे समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पॅरिसचे नाव निघाले ते 'सिग्रे' या संस्थेमुळे. मोठ्या वीज यंत्रणांचा अभ्यास करणाऱ्या इंजिनिअरांची ही आंतरराष्ट्रीय संस्था १९२१ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. पहिले महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. धरणावरची वीज उच्च दाबाने दूरच्या शहरात न्यायची, शेजारच्या देशाच्या तारांना आपल्या तारा जोडायच्या, ही कामे त्या काळी नवीच होती. इन्सुलेटर का फुटतात, आकाशातली वीज लाईनवर पडली तर काय करावे, दोन वीजकेंद्रे एकत्र कशी चालवावीत, याबाबत जो तो आपापल्या ठिकाणी ठेचाळत होता. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण आपल्याकडची. त्या मंडळींनी तिची संस्थाच उभी केली, असे म्हटले तरी चालेल.

या संस्थेचे अधिवेशन साधारणपणे दर दोन वर्षांनी पॅरिसला भरते. त्याची पद्धत आपण सर्वांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे कोणी उभे राहून निबंध वाचून दाखवत नाही. निबंध आधीच छापून हाती दिलेले असतात. त्यावर नेमलेला अहवालकार नेमके प्रश्न काढतो आणि सभेत फक्त त्या प्रश्नांवर चर्चा होते. आपल्याकडे अहवाल पोस्टाने घरी येतो, बहुतेकांच्या घरी तो फडताळात पडून राहतो, आणि सभेत मग "अहवाल वाचला असे समजून" मंजूर होतो. पॅरिसचे विमान राहू द्या, पण ही एक रीत तरी उचलायला काय हरकत आहे?

संस्थेच्या सोळा अभ्यास समित्या आहेत. कोणी जनरेटरसारखी फिरती यंत्रे बघतो, कोणी ट्रान्सफॉर्मर, कोणी केबल, कोणी संरक्षणाचे रिले. त्यांच्या कार्यगटांत बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा एका टेबलाशी बसतात आणि संस्थेकडून मानधन न घेता काम करतात. अशा एका गटाने २०१५ साली ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडांचा अहवाल प्रसिद्ध केला. २१ देशांतल्या वीज कंपन्यांकडून ९६४ मोठ्या बिघाडांची माहिती त्यांनी गोळा केली. सर्वाधिक बिघाड वाइंडिंगचे, आणि त्याखालोखाल टॅप चेंजर व बुशिंग यांचा क्रम मोठा, असे त्यातून दिसून आले.

आता विचार करा. कारखान्याच्या यार्डात मोठे ट्रान्सफॉर्मर असून असून किती असणार? एक, फार तर दोन. ते जळून शहाणपण शिकायचे म्हटले, तर शिकेपर्यंत कारखाना बसेल. एकट्याच्या अनुभवाने हे शिक्षण होतच नाही. नऊशे जणांची ठेच एकत्र मांडली तेव्हाच कुठे लक्ष द्यायचे हे कळले. थेंबे थेंबे भाग गोळा करून कारखाना उभारणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट नव्याने का सांगायची? हा सहकारच आहे. फक्त तेथे भांडवल अनुभवाचे आहे.

कोणी म्हणेल, "ती मोठमोठ्या वीज कंपन्यांची कामं. आपण साखर करणारी माणसं." पूर्वी हे म्हणणे खपून जात होते. आता आपण बगॅसवर सहवीज निर्माण करतो आणि ती बाहेरच्या जाळ्यात सोडतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला एका लयीत जोडले गेले. तेव्हापासून देशभरच्या जाळ्याला जोडलेले जनरेटर सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच चालीवर चालतात. आपला अल्टरनेटरही त्याच चालीवर. एका जुवाला जुंपलेल्या बैलांनी पावलाला पाऊल मिळवावे, तसेच हे आहे.

म्हणून तर ब्रेकर लावण्याआधी दाब, वारंवारता, फेजचा क्रम आणि फेजचा कोन या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. घाईत जुळणी चुकली, तर शाफ्टला जबर पिळा बसतो. आणि बाहेरचे जाळे कोसळले, तर आपल्या यंत्रणेने क्षणात सुटे होऊन, टर्बाईनची वाफ आवरून, कारखान्यापुरती वीज चालू ठेवली पाहिजे. इंजिनिअर याला 'आयलँडिंग' म्हणतात. हे साधले तर गव्हाण चालू राहते. न साधले तर मिल बंद, रस मध्येच, बॉयलरची वाफ हवेत, आणि अड्ड्यावर ट्रॅक्टर-गाड्यांची रांग. तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजन घटले तर ज्याचा ऊस त्याचे नुकसान, आणि उतारा घटला तर आपणा सर्वांच्या भावावर परिणाम. तेव्हा यार्डातला रिले हा इंजिनिअर साहेबांचा खासगी विषय नाही, तो आपल्या ऊसबिलातला विषय आहे.

रिले म्हणजे वितभर वस्तू, पण तिची सेटिंग चुकली तर काय होते याची दोन उदाहरणे सांगतो. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅनडात नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातून निघणाऱ्या एका लाईनचा रिले सुटला. लाईनमध्ये दोष नव्हता. रिले कमी भारावर बेतलेला होता आणि भार मात्र वाढत गेला होता. त्या लाईनचे ओझे बाकीच्या लाईनींवर पडले, त्याही सुटल्या, आणि अमेरिका-कॅनडातले सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. काही भागांत १३ तास वीज नव्हती.

त्यानंतर ४७ वर्षांनी, ३० जुलै २०१२ च्या पहाटे, आपल्याच देशात बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन सुटली. तेथेही रिलेने जास्तीच्या भारालाच दोष समजून लाईन तोडली. अन्य कारणेही होती. काही लाईनी आधीच बंद होत्या, आणि काही राज्ये ठरल्यापेक्षा जादा वीज ओढत होती. उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी गेली आणि जवळपास निम्म्या देशाचा वीजपुरवठा बंद पडला. पश्चिमेचे जाळे टिकले म्हणून आपल्याकडे दिवे राहिले.

पहिल्या घटनेचा धडा जगभरच्या इंजिनिअरांना ठाऊक होता, तरीही दुसरी घटना घडली. आमच्या मते खरा मुद्दा येथेच आहे. ज्ञान पुस्तकात असते. ते आपल्या पायांनी चालत कोणाच्या यार्डात येत नाही. ते आणावे लागते, आपल्या भाराशी ताडून पहावे लागते, आणि दर हंगामाला पुन्हा तपासावे लागते.

ऊस आणि साखरेच्या बाबतीत आपण हे करीत आलो आहोत. ऊस-तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था १९२४ पासून काम करते, पुण्याची डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ पासून. बेण्यासाठी, मिलसाठी, बॉयलरसाठी आपण बाहेरचे शहाणपण आणले आणि त्याचा खर्च कधी डोळ्यांत खुपला नाही. मग विजेचीच तेवढी कुचराई का?

तेव्हा पॅरिसच्या वारीला आमचाही पाठिंबा नाही. त्याची गरजही नाही. सिग्रेची भारतीय समिती दिल्लीत आहे. सभासद व्हायला विमानात बसावे लागत नाही. आमच्या सूचना तीन आहेत. एक, वर्गणी भरावी, पण तिच्यातून मिळणारे अहवाल कपाटात न ठेवता दर ओव्हरहॉलिंगच्या वेळी वीज विभागाने त्यातले काय उपयोगात आणले, ते वार्षिक अहवालात छापावे. दोन, हे अहवाल बहुतेक इंग्रजीत असतात आणि रात्रपाळीला पॅनेलपुढे बसतो तो आपलाच मराठी शिकलेला पोरगा. त्याच्यासाठी सोप्या मराठीत टिपणे काढून स्विचयार्डात लावावीत. तीन, शेजारच्या कारखान्यांच्या वीज विभागांनी हंगाम संपल्यावर एक दिवस एकत्र बसावे आणि वर्षभरातले आपापले ट्रिपिंग एकमेकांना सांगावे. कोणाचे चुकले हे काढण्यासाठी नव्हे, तर का घडले हे कळण्यासाठी. बिघाड लपवण्यात अब्रू वाचते असे वाटते, पण तोच बिघाड मग शेजारच्या गावाला जाऊन उभा राहतो.

या तीन अटींवर सभासदांनी ही बाब मंजूर करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि पुढल्या वर्षी ह्याच सभेत उठून जाब विचारावा, "काय आणलंत, आणि त्यातलं यार्डात काय लावलंत?" तो जाब विचारणे हा आपला हक्क आहे. मात्र त्याआधी अहवाल वाचून यावे.