आधी कोयंडा, मग कुलूप

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांच्या परीक्षा संपत आलेल्या असतील. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला जाते, लग्नसराई असते, आणि घरे बंद राहू लागली की घरफोडीच्या बातम्याही वाढतात. या बातम्यांत एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: 'कडी-कोयंडा तोडून'. चोरट्याने किल्ली बनवली, कुलपाची कळ फिरवली, असे क्वचित वाचायला मिळते. बहुतेक वेळा तो कुलपाच्या वाटेला जातच नाही. कुलूप ज्यात अडकवले आहे तेच तो उपटून काढतो.

कडी-कोयंडा आपण विकतो आणि आपणच बसवतो. त्यामुळे सुतार, फॅब्रिकेटर आणि हार्डवेअर दुकानदार यांच्यासाठी निघणाऱ्या या मासिकाने ती बातमी आपल्या कामाबद्दलची बातमी म्हणून वाचायला हवी.

चोरीनंतर दार दुरुस्त करायला गेलेल्या सुताराला जे दिसते ते आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. कुलूप जमिनीवर पडलेले असते, पण बंदच. त्याच्या दांडीत कोयंडा तसाच अडकलेला असतो. कोयंड्याच्या भोकांतून चार स्क्रू लोंबत असतात आणि त्यांच्या आट्यांत फ्लश दाराचा भुसा भरलेला असतो. स्क्रू मोजावा तर जेमतेम पाऊण इंचाचा. घरमालकाने सात लिव्हरच्या कुलपासाठी पैसे मोजले, पण ते कुलूप चार आखूड स्क्रूंच्या भरवशावर टांगलेले होते. कटावणीचे टोक कोयंड्याखाली सरकवून दुसऱ्या टोकावर माणसाने अंग टाकले की तरफेने तो जोर कितीतरी पट वाढतो. पाऊण इंचाची पकड त्यापुढे टिकत नाही.

आपल्याकडे कुलूप वाईट नाही. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचे काम सुरू केले, अलीगढच्या कारागिरांनी पितळी-लोखंडी कुलपे देशभर पोचवली, आणि आज लहान गावातल्या दुकानातही टणक केलेल्या पोलादी दांडीचे कुलूप मिळते. कुलूप सुधारले, बसवण्याची पद्धत मात्र मागे राहिली. लिव्हर वाढले की किल्लीशिवाय कुलूप उघडणे अवघड होते, हे खरे. पण लिव्हरची संख्या कटावणीला अडवत नाही. हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही आणि ते सांगण्याची जागा आपल्या काउंटरवर आहे.

जुन्या वाड्यांचे बांधकाम करणाऱ्यांना ही गोष्ट नेमकी ठाऊक होती. दारामागे अडसर असे: जाड लाकडी वासा, एका बाजूच्या भिंतीतल्या खोल खोबणीत सरकवून ठेवलेला. रात्री तो ओढून समोरच्या भिंतीतल्या भोकात घालत. बाहेरून कितीही धक्के बसले तरी भार दोन्हीकडच्या भिंतींवर जाई. आजच्या दारालाही तोच नियम लागू आहे. धक्क्याचा भार दाराच्या पातळ पृष्ठभागावर न राहता चौकटीत आणि चौकटीतून भिंतीत गेला पाहिजे.

म्हणून कमी पैशात घर सांभाळू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण कामाचा क्रम सांगावा. पहिले काम कोयंड्याचे. स्क्रू काढून तिथे दाराच्या आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट घालावेत, आतल्या बाजूने तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी देऊन नट आवळावेत आणि बोल्टचे टोक ठोकून पसरवावे. बाहेरून पाना लावायला काही उरत नाही आणि जोर पट्टीभर पसरतो. बंद केल्यावर कडीची पट्टी स्क्रूंची डोकी झाकेल असाच कोयंडा निवडावा. चौकटीच्या बाजूला दोन-अडीच इंचांचे स्क्रू घालावेत. चौकट जुनी असेल तर ती भिंतीत हलते का, हे हाताने दाबून पाहावे. उभ्या बाजूंचे होल्डफास्ट सुटले असतील तर दारावर केलेला खर्च वाया जातो. एवढ्या कामाचे सामान एका चांगल्या कुलपापेक्षा स्वस्त पडते.

दुसरे काम आतल्या कुलपाचे. बाहेर लटकणारे कुलूप घरात कोणी नसल्याची वर्दी जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला देते. मॉर्टिस लॉक किंवा नाइट लॅच असेल तर घर बंद आहे की माणसे आत झोपली आहेत, हे बाहेरून कळत नाही. मात्र इथे दोन चुका सर्रास होतात. मॉर्टिससाठी पोकळ दारात खाच पाडली तर दार तिथेच दुबळे होते, म्हणून दार भरीव आहे ना ते आधी बघावे. भरीव गाभ्याच्या फ्लश दारांसाठी आयएस २२०२ हे मानक आहे, खरेदीच्या वेळी तो शिक्का पाहायला सांगावे. दुसरी चूक सिलिंडरच्या मापाची. सिलिंडर बाहेरच्या पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आला तर तो पकडीत धरून मोडता येतो. दाराची जाडी मोजून सिलिंडर घ्यावा, दुकानात आहे तो खपवू नये. काम देताना गिऱ्हाइकाला हेही बजावावे की दार नुसते ओढून घेतले तर फक्त स्प्रिंगची जीभ अडकते. किल्ली फिरवल्याशिवाय खरे कुलूप लागत नाही.

आतले कुलूप बसवल्यावर बाहेरचा जुना अल्ड्रॉप तसाच ठेवण्याची सवय आपण सोडायला हवी. चोरटे बंद घर फोडण्याआधी शेजारच्या घरांना बाहेरून कडी घालतात, म्हणजे आवाज झाला तरी कोणी बाहेर येऊ शकत नाही. ज्या दाराला बाहेरून कडीची गरज उरलेली नाही तिथली कडी काढून टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याने शेजारी मदतीला मोकळा राहतो.

सेफ्टी डोअर बसवणाऱ्या फॅब्रिकेटरनी बिजागऱ्यांकडे लक्ष द्यावे. हे दार बाहेर उघडते, म्हणून बिजागरीची पिन बाहेर राहते. ती ठोकून काढली की कुलूप लागलेले असतानाही दार दुसऱ्या बाजूने सुटते. पिनची टोके वेल्ड करावीत. लाकडी दारात बिजागरीच्या बाजूच्या कडेवर जाड स्क्रू अर्धा बाहेर ठेवून त्याचे डोके कापावे आणि समोर चौकटीत तेवढेच भोक पाडावे. दार बंद झाले की तो खिळा चौकटीत शिरतो, मग बिजागरी तोडली तरी दार जागचे हलत नाही.

खिडक्यांची गोष्ट लांब आहे, तिच्यावर स्वतंत्र अंक काढू. सध्या एवढेच: लाकडी चौकटीवर बाहेरून स्क्रूने लावलेली ग्रिल ही बाहेरून स्क्रू काढून उतरवताही येते. स्क्रूच्या खाचा वेल्डने भरून टाकाव्यात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचे तावदान वर उचलून रुळातून काढता येते. वरच्या रुळात ठोकळा अडकवला आणि खालच्या रुळात मापाची लाकडी पट्टी टाकली की तो मार्ग बंद होतो.

इथे एक इशारा मनापासून द्यायचा आहे. चोराला अडवताना घरच्या माणसांना कोंडू नका. आग लागल्यावर चारी बाजूंनी वेल्ड केलेली ग्रिल जिवावर बेतते. प्रत्येक घरात निदान एका ग्रिलला आतून उघडणारा झरोका ठेवा, माणूस बाहेर पडेल एवढा. त्याची किल्ली ग्रिलमधून हात घातला तरी पोचणार नाही, पण घरातल्या लहानथोरांना ठाऊक असेल, अशा खिळ्यावर ठेवायला सांगा. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी हा आग्रह सोडू नये.

दागिने आणि रोकड यांच्याबद्दलही लोक आपल्यालाच विचारतात. पोलादी कपाटाचा पत्रा पातळ असतो. त्यातला लॉकर घरातल्या मुलांपासून वस्तू जपतो, पहारीपासून नाही. छोटी तिजोरी घेतलीच तर ती काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने आवळून द्या, नाहीतर चोर ती उचलून नेतो आणि निवांतपणे फोडतो. रोज न लागणारे सोने बँकेत ठेवणे बरे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०२२ पासून बँकेत आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. ऐवज त्याहून मोठा असेल तर विम्याचा विचार गिऱ्हाइकाने स्वतः करावा. नव्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो. तो आणि दागिन्याचा फोटो जपून ठेवला तर माल सापडल्यावर ओळख पटवणे सोपे जाते.

कॅमेरा या यादीत शेवटी येतो. कॅमेरा चोर दाखवतो, दार धरून ठेवत नाही. आधी कोयंडा, चौकट आणि खिडकी पक्की करावी, पैसे उरले तर कॅमेरा घ्यावा. बसवताना डीव्हीआर टीव्हीखाली उघड्यावर ठेवू नये. चोर जाताना तोच उचलतो आणि चित्रण त्याच्याबरोबर जाते.

आणि आता आपल्या सचोटीबद्दल. घराच्या किल्ल्या बांधकामाच्या दिवसांत पाच-सहा हातांतून फिरतात. काम संपल्यावर कुलपाचे सीलबंद पाकीट मालकासमोर उघडून सगळ्या किल्ल्या मोजून द्याव्यात. जुने भाडेकरू गेले असतील तर सिलिंडर बदलायला सांगावे, अख्खे कुलूप बदलावे लागत नाही. डुप्लिकेट किल्ली करून देताना नाव, फोन आणि ओळखपत्र वहीत नोंदवावे. कपाट उघडून देण्याच्या निमित्ताने घरात शिरून ऐवज लांबवणाऱ्या भुरट्या चावीवाल्यांमुळे प्रामाणिक कारागिरावरही संशय येतो. त्याला उत्तर म्हणजे ही वही.

मोठ्या बंगल्याचा मालक सुरक्षा सल्लागार नेमू शकतो. चाळीतला कामगार, एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, गणपतीला आणि शिमग्यालाच उघडणारे कोकणातले घर, यांचा सल्लागार आपणच आहोत. हे लोक आपल्या दुकानात येऊन 'भारीतले कुलूप द्या' एवढेच म्हणतात. त्या वेळी कुलूप काढण्याआधी एक प्रश्न विचारा: बसवणार कशावर? उत्तर ऐकल्यावर निम्म्या गिऱ्हाइकांना स्वस्त कुलूप आणि मजबूत कोयंडा द्यावा लागेल. त्या दिवशी गल्ल्यात थोडे कमी येईल, पण तो माणूस पुढच्या कामाला दुसरीकडे जाणार नाही.

मे महिन्याआधी प्रत्येक वाचकाने आपल्या वस्तीत निदान एक रविवार द्यावा, असे आमचे आवाहन आहे. सोसायटीच्या फलकावर सूचना लावा, सोबत लांब स्क्रू, बोल्ट, पट्ट्या आणि ड्रिल मशीन घ्या, आणि सामानाच्या किमतीत दारे तपासून पक्की करून द्या. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. आपल्याच कोयंड्याचे स्क्रू किती लांबीचे आहेत, हे आज संध्याकाळी काढून बघा.