खालून वर जाणारी वाट अरुंद का?

व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलता यावे म्हणून सेवाग्राम आश्रमात दूरध्वनी बसविला होता. साम्राज्याचा प्रतिनिधी आणि त्या साम्राज्याला आव्हान देणारा नेता यांच्या सत्तेत समानता नव्हती. त्या तारेवर मात्र दोघांच्याही आवाजाला सारखीच वाट होती. आज त्याच वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या खिशात बिनतारी यंत्र आले आहे. परंतु त्याची वाट दोन्ही दिशांना सारखी नाही. वरून खाली माल वेगाने उतरतो. खालून वर काही पाठवावयाचे म्हटले की गाडी अडते.

ही केवळ गैरसोय नव्हे. २०२१ साली राज्य शासनाने ई-पीक पाहणी सुरू केली. कपाशी, सोयाबीन वा तूर पेरणाऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र स्वतःच वर पाठवावे, अशी ही व्यवस्था. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी, दोन्ही अडचणीत येतात. म्हणजे कष्टकऱ्याचा हक्क नेमक्या त्याच दिशेला बांधला गेला, जी दिशा दुबळी ठेवली आहे.

हा निसर्गनियमच आहे, असे सांगितले जाईल. ते अंशतः खरे आहे. मनोरा कित्येक वॅट शक्तीने बोलतो, तर हातातील यंत्राची शक्ती सुमारे ०.२ वॅट, त्यामुळे मनोऱ्यापासून दूरच्या शिवारात ऐकू येते, पण उत्तर पोहोचत नाही. परंतु उरलेला भाग माणसांच्या निर्णयाचा आहे. ४जी च्या एका प्रकारात एकच लहरपट्टा दोन्ही दिशांना वेळ वाटून वापरतात. अशा वाटणीच्या ७ रीती तंत्रज्ञांनी ठरविल्या आहेत. एका प्रचलित रीतीत १० भागांपैकी ६ खाली येण्यास, २ वर जाण्यास आणि २ मुख्यतः दिशाबदलासाठी असतात. याच्या नेमकी उलट रीतही त्याच सात रीतींत आहे! शेजारच्या मनोऱ्यांनी वेगवेगळी रीत धरली तर परस्परांत व्यत्यय येतो, हेही खरे. पण म्हणूनच हा प्रश्न एकेका कंपनीच्या मर्जीचा न राहता सार्वजनिक धोरणाचा ठरतो.

आणि धोरण काय म्हणते? जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. ही मर्यादा केवळ खाली येणाऱ्या वेगाची आहे. त्याच व्याख्येत परस्परसंवादी सेवांचा उल्लेख आहे. पण वर जाणाऱ्या वेगाविषयी एक आकडाही नाही. संवादाचे नाव घ्यावयाचे आणि एकाच बाजूचे माप धरावयाचे, हा कोणता न्याय? नागरिक हा ग्राहक, त्याने पाहावे, ऐकावे, विकत घ्यावे; त्याला सांगण्यासारखे काही असते, हे या व्याख्येच्या गावीच नाही.

वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. मालमत्ता जनतेची, तर तिच्या वाटणीत जनतेच्या शब्दाला वाटा हवा. ब्रॉडबँडच्या व्याख्येत वर जाणाऱ्या वेगाची किमान मर्यादा घातली पाहिजे. लहरपट्टे देताना ग्रामीण भागात ती पाळण्याची अट असली पाहिजे. आणि तोवर, छायाचित्र पोहोचले नाही या कारणाने एकाही शेतकऱ्याची नोंद नाकारता कामा नये. ती करण्याची जबाबदारी तलाठ्यामार्फत शासनाने घ्यावी.

आर्वी, कारंजा, समुद्रपूरच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभांतून पुढे न्यावी. आज्ञा खाली येण्यासाठी रुंद रस्ता आणि गाऱ्हाणे वर जाण्यासाठी पाऊलवाट, ही लोकशाहीची रचना नव्हे.